ओव्हरकाकांचं एरियल

ओव्हरकाका समोरासमोर बोलतानाही वाक्य संपलं की "ओव्हर" म्हणत. मग समोरचा आपलं बोलून "ओव्हर" म्हणेपर्यंत तोंड मिटून बसत. काकू स्वयंपाकघरातून विचारत, "भात वाढू का?" आणि काका शांतपणे ताटाकडे बघत राहत. शेवटी काकू डाव आपटून "ओव्हर!" म्हणत, तेव्हा कुठे "हो" येई.

अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर, मी त्यांच्या खाली. नोकरी कारखान्यात अधिकाऱ्याची, जीव मात्र हॅम रेडिओत. गच्चीवर लोखंडी पाइप उभा करून त्यांनी एरियलची तार ताणली होती आणि तिच्या जोरावर ते घरबसल्या देशोदेशीच्या हौशी मंडळींशी गप्पा मारत. तिथे एका वेळी एकालाच बोलता येतं, म्हणून आपलं संपलं की "ओव्हर" म्हणायचं. मलाही त्यांनीच या नादाला लावलं, परवान्याच्या परीक्षेला बसवलं.

जुन्या यंत्रांचे सुटे भाग आणायला ते उल्हासनगरला जात. तिथला सिंधी दुकानदार त्यांना लांबूनच हाक मारी, "आओ साईं, आज क्या बिगाडने का है?" काका खूश होत. मला त्यांचे सल्ले ठरलेले: "यंत्रात सुधारणा करण्याआधी ते चालतंय हे चार जणांना दाखवून ठेव, नंतर कोणी विश्वास ठेवत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदल. आणि उरलेला स्क्रू फेकू नकोस, बहुतेक त्याच्यावाचूनच सगळं अडलेलं असतं. ओव्हर."

संध्याकाळी चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे आम्ही बोलायचो त्या रेडिओ-पट्ट्यात, मरणाची गर्दी. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांनी एकदम मठ्ठा मागावा तसा गोंगाट. मी त्यांच्या माइकमध्ये ओरडायला लागले की काका म्हणत, "ओरडू नकोस. ओरडणाऱ्यालाही श्वास घ्यावा लागतो. तेवढ्यात आपलं नाव सांगून मोकळं व्हायचं. ओव्हर."

मग इमारतीतल्या टीव्हींवर मुंग्या यायला लागल्या, त्याही नेमक्या रविवारी सकाळी, मालिकेच्या वेळी. खापर अर्थातच काकांच्या तारेवर फुटलं. पाइप उतरवायचा ठराव करायला चेअरमननी सभा बोलावली. आदल्या संध्याकाळी काका म्हणाले, "एरियल गेलं तर मी नुसता रिटायरमेंटची वाट बघणारा माणूस उरेन गं, सुधा." आणि "ओव्हर" म्हणायचंच विसरले.

रविवारी खाली अंगणात सभा भरली. काका टॉवेलात काहीतरी गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. सगळे एकदम ओरडत होते. मी भांडायला उठणार, तोच काकांनी हातानेच मला खाली बसवलं. इतक्यात गॅलरीतून चेअरमनची बायको ओरडली, "अहो, पुन्हा मुंग्या आल्या! सांगा त्यांना बंद करायला!"

सगळे काकांकडे वळले. त्यांनी टॉवेल बाजूला केला. मांडीवर त्यांचं यंत्रच होतं, वायर लोंबकळत असलेलं. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला आणि तेवढ्यात काका बोलले, "माझं यंत्र इथे आहे. आता प्रत्येक घरातला एकेक बूस्टर बंद करून बघू. ओव्हर."

टीव्हीच्या चित्राला जोर यावा म्हणून तेव्हा घरोघरी बूस्टर असत. एकेक करत ते बंद झाले. चेअरमनच्या घरचा बंद होताच चारही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून ओरडा झाला, "गेल्या! मुंग्या गेल्या!" चेअरमननी चित्र आणखी स्वच्छ दिसावं म्हणून बूस्टर उघडून आतला स्क्रू पार शेवटपर्यंत पिळला होता; त्यामुळे तो बूस्टरच उलट सगळ्या इमारतीत गडबड सोडत होता. काका म्हणाले, "सुधारणा झकास आहे. फक्त स्क्रू होता तिथे आणा. ओव्हर."

चेअरमन चपलेकडे बघायला लागले. मग म्हणाले, "चूक माझीच. पाइप राहू दे." काका तोंड मिटून बसलेले. आम्ही सगळे थांबलेलो. अखेर चेअरमन पुटपुटले, "ओव्हर." त्या दिवशी आमची इमारत जी हसली, तशी पुन्हा कधी हसली नाही. मी तर आनंदाने रडले.

पुढे काका-काकू बदलापूरला राहायला गेले. टेम्पोत पाइप धरून चेअरमन स्वतः बसले होते, आणि गच्चीवर माझ्यासाठी दुसरा पाइपही त्यांनीच उभा करून दिला होता. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी चेअरमन माझ्याकडे येऊन बसले. बँडवर तीच गर्दी. ओरडणाऱ्यांनी श्वास घेतला आणि त्या फटीतून ओळखीचा आवाज आला, "सुधा, बदलापूरहून काका. पाइप उभा राहिला. ओव्हर."

"ऐकू येतंय, काका! अगदी स्वच्छ!" मी म्हणाले. पलीकडे काहीच नाही. मी घाबरून बटणं चाचपायला लागले.

चेअरमननी मला कोपराने ढोसलं. "अहो सुधाताई, ओव्हर म्हणा की! तो माणूस तिकडे तोंड मिटून बसला असेल."