आबा, खाली बसा!

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर मी भूगोलात एम.ए. करायचं ठरवलं. भीमेपलीकडे दौंड तालुक्यात माझं माहेर. तिथून आईनं फोनवर एकच विचारलं, "सासूबाई काय म्हणाल्या?" सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "जा की. भाकरी मला बी येत्यात." चर्चा तिथंच संपली.

तेव्हापासून नवऱ्याची कंपनीत पहिली पाळी आणि माझी वडगाव रासाईहून शिरूरची एसटी. मागं लेकीची वेणी, शाळा, गोठा, सगळं आत्या आणि आबा बघायचे. आबा म्हणजे सासरे. रोज संध्याकाळी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "आज काय शिकवलं?" आणि मी सांगितलेलं ते दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन सांगायचे, तेही चुकीचं.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. आम्हाला प्रत्येक सत्रात सेमिनार असतो, म्हणजे वर्गापुढं उभं राहून आपला विषय मांडायचा. पहिल्याच सेमिनारला तिसऱ्या वाक्यावर माझी वाचा बसली. घरात भांडणाला माझा हात कुणी धरत नाही, पण तिथं मात्र "सॉरी सर" म्हणून खाली बसले. सर भला माणूस. म्हणाले, पुढच्या सत्रात पुन्हा संधी देतो, पण ती शेवटची. तेव्हाही नाही जमलं, तर वर्ष गेलं. घरी येऊन मी सांगितलं, "छान झालं."

या वेळी विषय घेतला आमच्याच नदीकाठच्या क्षारपड जमिनींचा. मातीचे नमुने आबांनी स्वतः खड्डे खणून काढून दिले. एका पांढऱ्या पडलेल्या रानात ढेकूळ हातात चुरत म्हणाले, "ही तहानंनं न्हाई मेली, सूनबाई. जास्त पाजून मेली." मी ते वहीत लिहून ठेवलं.

सेमिनारच्या दिवशी पहाटेपासून मी वहीच घोकत होते. आत्यांनी डबा हातात देत विचारलं, "कोण कोण आसतंय गं तिथं?"

"सगळे," मी चपला घालत म्हणाले.

आबा म्हणाले, "मागल्या खेपंला येवढं छान झालं, आन् सरांचा सत्कार करायचा राहूनच गेला."

एसटी सुटेल म्हणून मी "हो, हो" म्हणत पळाले.

पहिल्या दोन तासांत सर काय बोलले ते देवाला ठाऊक. तिसऱ्या तासाला माझा नंबर. फळ्यावर विषय लिहिला आणि वळले. शेवटच्या बाकावर आबा आणि आत्या! आबांच्या अंगात इस्त्रीचा नेहरू शर्ट, डोक्यावर नवी टोपी. आत्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी नारळाची शेंडी. माझी पाठ होती तेवढ्यात सरांनीच त्यांना आत घेऊन बसवलं होतं.

पहिलं वाक्य झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला पुन्हा तेच. वर पंखा कुरकुरत होता आणि मी वेड्यासारखी त्याच्याकडे बघत होते. वर्ष गेलं, असं मनात म्हणूनही टाकलं.

आबांचा जन्म गावच्या सोसायटीचे सत्कार बघण्यात गेला. बोलणारा थांबला की शाल काढायची, हा त्यांचा नियम. ते उठले. एका हातात शाल, एका हातात नारळ, बाकांमधून वाट काढत सरळ सरांकडे निघाले. वर्ग खी खी करायला लागला. त्यांना ते हसू कळलंच नाही. उलट ते सगळ्यांकडे बघून हसले.

माझं डोकंच फिरलं.

"आबा, खाली बसा! माझं अजून झालं नाही!"

इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. आबा जागच्या जागी थबकले आणि जवळच्या बाकावर एका पोराला सरकवून बसले. वर्ग गप्प झाला. आणि एकदा फुटलेला तो आवाज काही परत आत गेला नाही. नमुने, पाट, ऊस, पांढरी पडलेली रानं, सगळं बोलले. आबांचं ते वाक्यही सांगितलं, कोण म्हणालं तेही सांगितलं. शेवटी सरांनी घड्याळ दाखवलं, तेव्हा थांबले.

सरांनी वहीत गुण मांडले आणि म्हणाले, "उत्तम."

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. सगळे आबांकडे बघत होते. ते तसेच बसून होते, मांडीवर शाल, दोन्ही हातांत नारळ. माझ्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं,

"आता झालं व्हय, सूनबाई? उठू का?"

मी मान डोलावली आणि बाजूला सरकून त्यांना सरांपर्यंत वाट करून दिली.