खरवडलेली लेबलं

माझ्याकडच्या डिस्कोच्या जुन्या तबकड्यांवर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का आहे. कंपन्या त्या क्लबांना फुकट वाटायच्या. मधलं लेबल मात्र खरवडलेलं. दुसऱ्या डीजेने डोकावून गाण्याचं नाव वाचू नये, म्हणून आमचा डीजे रॉनी ते भिजवून नखाने काढायचा. "नावं माझ्या डोक्यात आहेत," म्हणायचा. आपली तरुणपणाची वर्षंही अशी एखाद्याच माणसाच्या डोक्यात ठेवलेली असतात.

काल त्याच्याकडे एक तबकडी घेऊन गेलो. त्याने ती सवयीने कडांना धरून हातात घेतली. मधल्या कोऱ्या जागेवर बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"यावरचं नाव कोणी काढलं?"

त्याने तबकडी जपून खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आणि आपण कोण?"