खाली बसल्यावर

माझे पती एसटीचे ड्रायव्हर. सारी नोकरी जंगलातल्या रस्त्यांवर गेली. रिटायर झाल्यावर आम्ही आरमोरीला घर बांधलं आणि काही वर्षांत त्यांचा हात कापायला लागला. कंपवात निघाला. गोळ्यांनी हात जरा थांबला, पण मान खाली जाऊ लागली. आधी पेपर वाचता वाचता झुकावी तशी, मग हनुवटी छातीला टेकेपर्यंत.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, बाबांना मोबाईल कमी पाहू दे." मोबाईल तर ते हातातही धरत नव्हते.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड ठीक आहे, हा त्याच आजाराचा भाग. गळ्याला पट्टा दिला. पट्ट्यानं हनुवटीखालची कातडी सोलली, मान काही उचलली नाही. मी दोन्ही हातांनी डोकं वर करायची. सोडलं की हळूहळू पुन्हा खाली.

संध्याकाळी डेपोतले जुने सोबती यायचे. पण वाकलेल्या डोक्याशी किती वेळ बोलणार? ह्यांचं उत्तर छातीतच विरून जायचं. चहा पिऊन लोक उठायचे, मग येणंच बंद झालं. घरात आम्ही दोघंच. ह्यांच्या चेहऱ्यावर ना हसू, ना राग. मला वाटायचं, या घरात मी एकटीच राहते.

एका दुपारी त्यांच्या खुर्चीसमोर फरशीवर बसून मी तांदूळ निवडत होते. वरून बारीक आवाज आला, "केस लय पांढरे झाले तुये."

मी वर पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते.

"आज दिसले तुमाले?"

"तू उभी राह्यते तं मले पायच दिसते. खाली बसली, तं तोंड दिसलं."

"मंग सांगतलं काऊन नाई जी?"

"सांगतलं असन. आयकू नाई आलं तुले."

मला रडूच आलं. डोळे पुसायला त्यांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. मीच तो धरला.

तेव्हापासून मी खाली बसूनच त्यांना भरवते. गुडघे दुखतात, उठताना खुर्ची धरावी लागते. आता त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलंय. बरेचदा डोळे मिटलेले असतात. मी सांगत राहते: कोणाकडे धानाचे रोवणे सुरू झाले, कुठल्या रस्त्यावर वाघ दिसला. ऐकतात की नाही, कळत नाही. एखाद्या वेळी डोळे उघडतात, माझ्या तोंडावर थांबतात. मग मी अजून काहीबाही सांगते.