ताटात डोकावणाऱ्या सिस्टरबाई

ऐरोलीत त्या वर्षांत एकही गरोदर बाई अशी नसेल, जिच्या ताटात आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी डोकावून पाहिलं नाही. आणि एकही माणूस असा नसेल, ज्याच्या डोळ्याची खालची पापणी त्यांनी ओढून पाहिली नाही. भाजीवाला, रिक्षावाला, हळदीच्या पाटावर बसलेली नवरी, सगळ्यांना त्यांचा एकच नमस्कार. समोर माणूस आलं की अंगठा डोळ्याखाली, "वर बघ," आणि लगेच निकाल, "पांढरी हाय. पालेभाजी खा." आमचे हे मार्केटात माथाडी. त्यांच्या टोळीचे मुकादम एकदा घरी आले होते, भरघोस मिशांचे, आवाज चढवला की गाळ्यातली माणसं चिडीचूप व्हायची. सिस्टरबाईंनी त्यांचीही पापणी ओढली. ते बिचारे इतके गांगरले की निकाल लागेपर्यंत छताकडे बघत निमूट उभे राहिले.

एका जागी बसणं त्यांना माहीतच नव्हतं. दवाखान्यातल्या त्यांच्या खुर्चीवर औषधांचे खोके असायचे आणि त्या कायम रस्त्यावर. चहा उभ्यानं, तोही अर्धा. बोलणं चालता चालता. वाक्य आमच्या दारात सुरू व्हायचं आणि संपायचं शेजारच्या घरात, त्यामुळे अख्खा सल्ला हवा असेल तर शेजारणीकडे चौकशी करावी लागायची. "ही लोहाची गोळी रोज घ्यायची, बाय. चहाबरोबर..." एवढं मला मिळालं. मी चार दिवस इमानेइतबारे चहाबरोबर गोळी घेतली. पाचव्या दिवशी शेजारीण म्हणाली, "अगं, माझ्या दारात तर त्या 'घ्यायची नाय' म्हणाल्या!" मी इतकी चिडले की सांगता सोय नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टरबाईंना दारात गाठून भांडले, तर त्या म्हणाल्या, "मग माझ्याबरोबर दोन पावलं चालायचं होतं ना गो!" आणि गेल्यासुद्धा.

पण माझ्या जिवाला तेव्हा खरंच घोर होता. माझं पहिलं बाळ दिवस भरायच्या आधी आलं, मूठभर होतं, तीन दिवस राहिलं आणि गेलं. आता पुन्हा दिवस गेले होते आणि मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की अंगात रक्त फार कमी आहे. ते वाढलं नाही तर बाळाचं आणि आईचं, दोघांचंही सांगता येत नाही. आमच्या घरची रीत मात्र साताऱ्याहून जशीच्या तशी आलेली. हे पहाटे मार्केटात जायचे ते दुपारी तीन वाजता परत. ते जेवल्याशिवाय मी जेवायचं नाही, आणि जेवायचं तेही हात राखून. सासूबाई म्हणायच्या, "पोटुशी बाईनं पोटभर खाऊ न्हाई. लेकराला हलाय जागा नको व्हय? आन मोठं झालं तर सुटका कशी व्हायची?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना माझी काळजीच होती, हे मी आजही सांगेन.

सिस्टरबाई ऐरोलीजवळच्याच खाडीकाठच्या गावातल्या. सासू या प्रकाराची त्यांना पुरेपूर माहिती. त्यांनी गोळ्यांच्या पट्ट्या माझ्याकडून काढून सासूबाईंच्या हातात दिल्या. म्हणाल्या, "आजपासून तुमच्या हातनं द्यायची. ती तुमच्याशिवाय कोनाचं ऐकनार नाय." सासूबाई फुलून गेल्या. पट्ट्या देव्हाऱ्यात ठेवल्या, त्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि मला तीन दिवसांतून एकदा एक गोळी मिळू लागली. मी विचारलं तर, "सिस्टरनं तसंच सांगितलंया." मला वाटलं, असेल बाई, उरलेलं वाक्य या वेळी सासूबाईंना मिळालं असेल.

महिनाभरानं रक्त तपासलं, तर काडीचाही फरक नाही. मी घरी येऊन भिंतीला डोकं टेकून बसले. पहिल्या बाळाचं झबलं पेटीत तसंच होतं, ते मला सारखं दिसायला लागलं. तेवढ्यात सिस्टरबाई आल्याच. चपला न काढता आत, माझी पापणी ओढली, पांढरीफटक. आणि हाताची सवयच ती, शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंचीही ओढली. ओढली आणि सोडेचनात. "मागल्या महिन्यात ही पन पांढरी होती," त्या म्हणाल्या. "आता कशी लाल झाली? गोळ्या कोन खातंय, आई?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "आवं, तिला रोज देऊन लेकरू लई मोठं झालं असतं. म्हनून मी तिला कमी दिल्या. आन सरकारी औषिद वाया कशाला घालवायचं? म्या एक खाऊन बघितली. मग पानी भरताना धाप लागायची ती थांबली. मला बरं वाटाय लागलं, वो."

मला संताप आला. माझं बाळ जाईल, आणि ह्यांना बरं वाटतंय! मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात सिस्टरबाईंनी विचारलं, "तुमची बाळंतपनं किती?"

"सात झाली. जगली तीन."

"आनि तेव्हा काय खायचात?"

"समदी जेवली की जे उरंल ते. न्हाई उरलं तर पानी प्यायची."

सिस्टरबाई स्वतः चुलीपाशी गेल्या आणि दोन ताटं वाढली. भाकरी, अळूचं फदफदं, वर शेंगदाण्याची चटणी. आम्हा दोघींना समोरासमोर बसवलं. दुपारचे साडेबारा. सासूबाईंनी पहिला घास हातात धरला आणि तशाच बसून राहिल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं. म्हणाल्या, "भूक लागल्यावर जेवायची सवयच न्हाई." माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या दिवशी नेमका मार्केटात संप, म्हणून हे लवकर घरी आले, आणि दारातच थबकले. आई आणि बायको आपल्याआधी जेवतायत, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. सिस्टरबाई म्हणाल्या, "बसा, भाऊ. त्यांचं होऊ द्या. आनि तोवर दोघींना पानी द्या." ह्यांनी दिलं, हो! तांब्या हातात घेऊन वाढप्यासारखे उभे होते.

त्यानंतर सासूबाईंना दवाखान्यात नेऊन त्यांचा वेगळा केसपेपर काढला, वेगळ्या गोळ्या दिल्या. माझी गोळी सासूबाई रोज लिंबाच्या सरबताबरोबर द्यायच्या आणि गिळल्यावर तोंड उघडायला लावायच्या. कंटाळा यायचा, पण तपासणीत रक्त वाढलं. मुलगी झाली, दिवस भरून, चांगली वजनदार, आणि रडली ती सगळा वॉर्ड उठवून. सिस्टरबाई येऊन बघून गेल्या. बाळ दोन्ही हातांवर तोलून म्हणाल्या, "चांगली हाय गो तुझी पोर," आणि मी तोंड उघडायच्या आत पलीकडच्या खाटेशी पोचल्या होत्या. सव्वा महिन्यानं मुलीला घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा कळलं, की त्यांची बदली झाली. कोणी कामोठ्याकडे म्हणालं, कोणी खांदेश्वरकडे. सासूबाई शोधायला निघाल्याही होत्या. ह्यांनी कसंबसं थांबवलं.

मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा मला पुन्हा दिवस गेले. दवाखान्यातल्या नव्या सिस्टर फार गोड, मऊ बोलणाऱ्या. खुर्चीवर बसून त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सासूबाई तेव्हा गावी होत्या आणि आठवडाभर मी एकही गोळी घेतली नव्हती. पोरीमागे धावताना जेवणाचंही भान नव्हतं. "गोळ्या नियमित घेता ना? जेवण वेळेवर?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं. माझ्या पापणीला हातही न लावता त्यांनी हसून कार्डावर बरोबरची खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं. मी बाहेर आले आणि चपला घालता घालता मला रडूच फुटलं. इतक्या पटकन माझ्यावर विश्वास ठेवायचं काय अडलं होतं त्यांचं?