ढग आले तर घाटा

दुकानातून येणाऱ्या पिशव्या कशा, फेकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. गादीखाली जमत जातात आणि एके दिवशी गादीच वर येते. माझ्या फजितीच्या गोष्टींचं तसंच झालंय. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण कॉलेजात शिकवून आले. नात म्हणाली, तू सांग, मी लिहिते. म्हणून आज गादी उचललीय.

मी मूळची शिंदखेड्याकडची, लग्न होऊन जळगावात आले. धंदा बिबड्यांचा. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, आंबवायची, लसूण-मिरची-तीळ घालून पहाटे शिजवायची आणि ओल्या साडीवर पापडासारखी थापून उन्हात वाळवायची. ते शिजवलेलं गरम पीठ म्हणजे आमच्या खान्देशातला घाटा. गल्लीतल्या सात बाया माझ्याकडे कामाला. सगळ्या मला अक्का म्हणतात.

मुलगा सुधाकर कॉम्प्युटरच्या कॉलेजात मास्तर, पण कच्चा. म्हणजे दरवर्षी कागद नवीन. तेव्हा कॉम्प्युटर नुकतेच आले होते आणि पोरं त्या पेटीला चिकटलेली. सुधाकरचा विषय उद्योग व्यवस्थापन. चाळीसातली तीन पोरं बसायची, त्यातलं एक झोपायला यायचं. प्राचार्यांनी सांगितलं, "वैशाखात पुण्याहून समिती येतेय. वर्ग भरलेला दिसला तर तुम्हाला कायम करू. नाहीतर दुसरा माणूस बघू."

सुधाकर घरी घोकत बसायचा, "नियोजन, संघटन, नियंत्रण."

मी विचारलं, "हे काय रे?"

"धंदा कसा चालवायचा, ते."

"मग आपल्या अंगणात सकाळपासून काय चाललंय?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याची आई नाही, पुस्तक आहे. म्हणाला, वर्गात येऊन हेच सांग. तिथून माझे भोग सुरू झाले.

*

पहिल्या दिवशी सुधाकर पुढे निघून गेला, म्हणाला मागून ये. मी शोधत शोधत एका खोलीशी पोचले. बाहेर चपलांचा ढीग. आत गारठा, पडदे ओढलेले, पोरं माना खाली घालून गप्प. मी ओळखलं. पदर डोक्यावर घेतला, दाराशी टेकले आणि जवळच्या पोराला हळूच विचारलं, "कोन गयं रे भाऊ?"

तो म्हणाला, "लाइट गेली आजी. येईल इतक्यात."

कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढायच्या, हे मला कोण सांगणार? तरी उठताना मी कुणाला "येते" म्हटलं नाही. दुखवट्याच्या घरातून निघताना म्हणत नाहीत.

*

वर्ग त्या दिवशी भरला. म्हातारी काय बोलते ते ऐकायला सगळे आले. सावद्याच्या केळीवाल्यांचा पंकज पहिल्याच बाकावर. त्यानं वहीत बघून विचारलं, "अक्का, तुमच्या धंद्यात स्पर्धक कोण?"

मला स्पर्धक कळेना. सुधाकर म्हणाला, "आई, तुझा माल कोण खातं?"

मी म्हटलं, "गाय शे ना एक. परवाच दोन साड्यांवरच्या बिबड्या फस्त करून गेली."

सगळ्यांनी लिहून घेतलं. परीक्षेत सहा जणांनी गाय लिहिली. सुधाकरनं मार्क दिले, काय करणार, मीच सांगितलेलं.

*

दुसऱ्या वेळी माझ्या डोक्यात हवा गेली होती. माणसं कशी टिकवायची यावर मी तासभर बोलले. "जीव लावा. माझ्याकडची बाई वीस वर्षांत मला सोडून गेली नाही."

घरी आले तर सुमन, माझा उजवा हात, पुढच्या गल्लीत स्वतःची साडी अंथरत होती.

पोरांना बातमी कळली. पुढच्या तासाला पंकजनं दोघींच्या बिबड्या तळून आणल्या. एका ताटात माझ्या, एका ताटात सुमनच्या. कुठल्या कुणाच्या ते सांगायचं नाही, चाखायचं आणि हात वर करायचा. सुमनच्या ताटाला सगळ्या वर्गानं हात वर केला.

मोजणारा पोरगा म्हणाला, "चाळीसची हजेरी आहे, हात एक्केचाळीस कसे?"

मी हात खाली घेतला.

*

मला लिहिता येत नाही, पण रांगोळी येते. म्हणून एकदा खडू हातात घेऊन मी फळ्यावर कामाची रीतच काढली. भिजवण्याचा गोल, पुढे बाण. दळण्याचा चौकोन, पुढे बाण. आंबवणं, शिजवणं, थापणं, वाळवणं.

पंकज उठून उभा राहिला. "सर, हा तर फ्लोचार्ट आहे!"

मला वाटलं काही चुकलं. पुसायला लागले तर सगळे ओरडले, राहू द्या.

मग त्यानं विचारलं, "पण अक्का, पीठ शिजवल्यावर ढग आले तर?"

"ढग आले तर काय वाळतंय? मग घाटा."

मी शिजवण्याच्या पुढून एक बाण बाजूला काढला आणि तिथे एक ताटली काढली. पंकजनं ते सगळं कॉम्प्युटरात घातलं. आता ती पेटी एकेक प्रश्न विचारायची आणि हो-नाही दाबलं की पुढचं काम सांगायची. सुधाकर म्हणाला, समितीला हेच दाखवू. वीस वर्षांत मी त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

*

वैशाखात समिती आली. वर्ग गच्च. मी मागच्या बाकावर, नवीन लुगड्यात. पुण्याचे मोठे सर पेटीसमोर बसले. कायमचा कागद त्यांच्याच फाइलमध्ये होता.

भिजवलं का, दळलं का, शिजवलं का, असं विचारत पेटी ढगांवर आली, ढग आहेत का? सरांनी हो दाबलं. पडद्यावर आलं, घाटा.

"एवढं करून घाटा?" सर म्हणाले.

पंकज म्हणाला, "ढग आले की घाटाच, सर. सगळे वाट बघत असतात."

सरांनी चष्मा काढला. मग मला उठवलं. "आजी, तुम्हाला घाटा किती होतो?"

"पातेलंभर."

"वर्षाला?"

"रोज, साहेब."

"आणि तो भरून कोण काढतं?"

"भरून कशाला काढायचा? गल्लीतली पोरं ताटल्या घेऊन उभी असतात. वरून तेल टाकायचं."

सर सुधाकरकडे वळले. "पोरांना तुम्ही हे शिकवता? तोट्यात कसं जायचं ते?"

सुधाकरला घाम फुटला. त्याचे प्राचार्य भडगावचे, त्यांना घाटा ठाऊक, पण ते तोंडावर रुमाल धरून खिडकीकडे बघत होते. सुधाकर एवढंच म्हणाला, "सर, घाटा म्हणजे... घाटा."

सरांनी पेनाला टोपण लावलं. कागद फाइलमध्ये गेला तसाच, कोरा. समिती विश्रामगृहावर निघून गेली. घरी सुधाकर जेवला नाही. मीही माझ्या जिभेला काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे घाटा शिजला आणि बायांनी साड्या अंथरल्या, तोच आभाळ भरून आलं. मी म्हटलं, गुंडाळा. पोरं ताटल्या घेऊन जमली. मी डावानं वाढत होते. रांगेत शेवटी एक मोठा हात पुढे आला, ताटली विश्रामगृहाची.

बघते तर पुण्याचे सर. काखेत फाइल. मागे प्राचार्य, तोंडावर अजून रुमाल.

"अक्का," ते म्हणाले, "ढग आलेत."

मी वाढलं. वर तेल सोडलं. त्यांनी ओट्यावर बसून फाइल मांडीवर उघडली, ताटली तिच्यावर ठेवली आणि खिशात पेन चाचपत विचारलं, "आधी सही करू की आधी हे खाऊ?"

मी म्हटलं, "गार होईल साहेब."

सुधाकरच्या कायमच्या कागदावर, सहीच्या वर, तेलाचा डाग आहे. अजून जात नाही.