तीन हाका

त्याला काहीही सांगितलं, की आधी तो ते आपल्यालाच परत म्हणून दाखवी. "उद्या दहाला लॅबमध्ये ये" म्हटलं, की म्हणे, "उद्या दहाले, लॅबमंदी. बराबर?" आपण हो म्हटल्याशिवाय तो जागचा हलत नसे. वर्गानं त्याचं नावच 'बराबर' ठेवलं.

ऐंशीच्या दशकात नागपूरच्या विद्यापीठात आम्ही दोघं संगणकाच्या एक वर्षाच्या पदविकेला होतो. तो नरखेड तालुक्यातल्या संत्रा बागायतदाराचा मुलगा. वडिलांनी त्याला एकच वर्ष दिलं होतं. पास झाला तर नागपूर, नाही तर बाग.

सवय बागेतलीच. विहिरीवर पंपापाशी त्याचे काका उभे, आणि हा झाडांना पाणी देत, ओलीत करत, दुसऱ्या टोकाला. "म्या 'बंद करा' म्हनलं, की काकानं तेच परत म्हनाचं," तो सांगे. "नाई म्हनलं, तं पुन्हा हाक माराची. तीनदा. तरी नाई, तं समजाचं, तिकडे कोनी नाई."

प्रकल्पात आम्ही जोडीदार होतो. दोन खोल्यांतले दोन संगणक व्हरांड्यातून वायर ओढून जोडायचे आणि इकडचा मजकूर तिकडे पोचवायचा. इंटरनेट हा शब्द आम्ही ऐकलेलाही नव्हता. वायर आणि नोंदी माझ्याकडे, प्रोग्राम त्याचा. वाटेतला पंखा सुरू झाला की अक्षरं बिघडत. एकही अक्षर चुकू नये म्हणून मी आठवडाभर वायर बदलत राहिलो. तो हसायचा. "वाऱ्याले कोन अडवते गा? चुकू दे ना. चुकलं हे कळलं पायजे, बस." त्याच्या प्रोग्रामात तिकडचा संगणक प्रत्येक ओळ परत पाठवी. जुळली नाही, तर इकडचा पुन्हा धाडी.

परीक्षेच्या दिवशी दोनशे ओळी पाठवल्या. सात पहिल्यांदा चुकल्या, त्या सातही दुसऱ्या खेपेला बरोबर पोचल्या. म्हणजे शेवटी दोनशेपैकी दोनशे. बाहेरगावचे परीक्षक घाईत होते. वही माझ्या हातात पाहून त्यांनी मला विचारलं, "चुका किती?"

"सात, सर."

"शंभरात साडेतीन! असलं यंत्र कोण वापरणार?"

"सर, त्या पुन्हा धाडल्या तं..." बराबर म्हणाला.

"मी यांना विचारतोय."

तो माझ्याकडे वळला. "सांग ना गा."

पुढचा रकाना माझ्या बोटाखाली होता. दुसऱ्या खेपेच्या चुका, शून्य. पण परीक्षकांचा चेहरा पाहून मला माझ्याच निकालाची भीती वाटली, आणि मी वही मिटली. विचारलं तेवढ्याचं अचूक उत्तर दिलं, असं पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो. आकडा खरा होता. मी नव्हतो.

प्रोग्राम त्याचा म्हणून तो नापास झाला. माझ्या नोंदी चोख म्हणून मी पास. तो गावी निघाला त्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेलो नाही.

महिन्याभरात त्याचं कार्ड आलं. "सुखरूप पोचलो. संत्र्याचा आंबिया बहार चांगला आहे. तुझ्यावर राग नाही. पोचलं की कळव." काय लिहावं ते सुचलं की उत्तर देऊ, असं मी ठरवलं. दिवाळीत दुसरं कार्ड आलं, संक्रांतीला तिसरं. माझं उत्तर काही गेलं नाही.

आता नागपुरातच, मनीषनगरच्या घरात माझी मुलगी विद्यापीठातला हाच विषय अभ्यासते. एकदा सहज तिचं पुस्तक चाळलं. जगभरचे संगणक एकमेकांशी असेच बोलतात म्हणे. पोचल्याची पोच द्यायची, पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचं. तिला म्हटलं, हे मला एकानं फार पूर्वी शिकवलं होतं. "कोण हो बाबा?" तिनं विचारलं. मला त्याचं खरं नाव आठवायलाही एक क्षण लागला.

तिन्ही कार्डं माझ्या कपाटात आहेत. मजकूर मी ताडून पाहिला आहे, तिन्हींत शब्दन् शब्द तोच. चौथं आलं नाही. त्याच्या नियमाप्रमाणे तो बरोबरच होता.

फक्त, इकडे मी होतो.