जो धरेल, त्यानेच सोडायचं

"धरलं कुणी? मग सोडायचं कुणी?" असं विचारून सर पेनाचं टोपण दातांत धरायचे आणि उत्तराची वाट बघायचे. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. जो धरेल, त्यानेच सोडायचं. तरी ते समोरच्याकडून मोठ्याने वदवून घ्यायचे, मग तो पन्नाशीचा का असेना.

ते आमच्या टीमचे प्रमुख. ऑफिस ताथवड्याला. चाकणच्या एका प्लांटमध्ये इलेक्ट्रिक टेम्पो बनायचे, त्यातल्या ड्रायव्हरसमोरच्या स्क्रीनचं काम आमच्याकडे होतं. मी टेस्टिंगला. म्हणजे इतरांनी केलेल्या कामाला नावं ठेवायचा मला पगार मिळतो.

ते कर्नेलमधले उस्ताद होते. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कारभारी. मेमरीतली एखादी जागा जो वापरायला घेतो, तो त्या जागेपुढचा आकडा एकने वाढवतो. काम झालं की एकने कमी करतो. आकडा शून्यावर आला की कारभारी ती जागा दुसऱ्याला देऊन टाकतो. सर हे मंगल कार्यालयाच्या भाषेत सांगायचे. शेवटचा पाहुणा उठला की सतरंजी गुंडाळायची. एखादा उठलाय हे सांगायलाच विसरलात, तर सतरंजी जन्मभर अंथरलेली राहते. आणि एकाचंच उठणं दोनदा मोजलंत, तर जेवणाऱ्याच्या खालून सतरंजी ओढली जाते. इतकं छान समजावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि इतका छळणाराही. प्लांटमधून त्यांनी ट्रकचा एक जुना भोंगा आणला होता. ज्याच्या कोडमुळे स्क्रीन बंद पडेल, त्याच्या टेबलावर तो बॅटरीसकट ठेवायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने वाजवायचा. दुसरा कुणी चुकेपर्यंत तो तिथून हलायचा नाही. त्यामुळे आम्ही सगळेच एकमेकांच्या चुकीची देवाकडे प्रार्थना करायचो.

तुम्ही म्हणाल, माणूस वाईटच दिसतोय. तसं सरळ नव्हतं. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा ऑफिसला येण्याआधी हे रोज त्यांच्याजवळ बसायचे, त्यांना पेपर वाचून दाखवायचे. वडील गेले तेव्हा माझ्याआधी ते रडले. मला ते आवडायचे, हे सांगून टाकतो. पुढचं सांगताना म्हणूनच जास्त चीड येते.

वनिता आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर होती. माझ्यासारखीच चऱ्होलीची, माझ्या बिल्डिंगमागे तिचं जुनं घर. जमीन बिल्डरकडे गेली होती, वडील वारले होते, घर हिच्यावर चालायचं. महिनाअखेरीला ती पर्मनंट होणार होती आणि ते सरांच्या हातात होतं. आईने सत्यनारायणाचा दिवससुद्धा धरून ठेवला होता.

एकदा कोड वाचताना तिला दिसलं, की गाडी रिव्हर्समध्ये टाकली की कॅमेऱ्याचा भाग चित्रासाठी जागा धरतो, पण सोडत कधीच नाही. सरांच्या नियमाप्रमाणे तिने सोडायची एक ओळ लिहिली. दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये ग्राहकांच्या, म्हणजे टेम्पोवाल्यांच्या, साहेबांसमोर ड्रायव्हरने रिव्हर्स टाकला, आणि स्क्रीन काळी झाली.

"कालचा बदल कुणाचा?" सरांनी विचारलं.

"माझा, सर."

"बदल हिचा, क्रॅश हिचा," ते साहेबांकडे वळून म्हणाले. भोंगा तिच्या टेबलावर गेला.

ती रडली नाही. तिने प्रत्येक धरण्या-सोडण्याच्या जागी, ते कोण करतंय हे आपल्या कॉम्प्युटरवर उमटेल अशी व्यवस्था केली, आणि पुन्हा पुन्हा रिव्हर्स टाकून पाहिला. कॅमेरा एकदा धरत होता आणि सोडणं दोनदा होत होतं. एक तिचं. दुसरं भलतीकडेच, स्क्रीनच्या भागात. कधीतरी माल द्यायच्या घाईत कॅमेऱ्याचं राहिलेलं सोडणं कुणीतरी तिकडून उरकून घेतलं होतं. दोन चुका एकमेकींना सांभाळून नांदत होत्या; हिने त्यातली एक दुरुस्त केली. दुसऱ्या चुकीपुढे नाव सरांचं होतं.

तिने ते सगळ्यांसमोर, पण अदबीने दाखवलं. "सर, धरतोय कॅमेरा, तर त्यानेच सोडायला पाहिजे ना?"

त्यांनी पेनाचं टोपण दातांत धरलं आणि दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझा कोड गाड्यांमध्ये पळतोय. तुझा एक दिवस टिकला नाही. तुझी ओळ काढ."

"सर, तिचं बरोबर दिसतंय," मी म्हणालो.

"तुम्ही रिव्हर्स टाकायचा आणि चित्र दिसलं की टिक मारायची, राव. एवढंच बघायचं."

तिने स्वतःच्या हाताने ती योग्य ओळ काढली. स्क्रीन चालू झाली. ग्राहकांना रिपोर्ट गेला : कॉन्ट्रॅक्टवरच्या इंजिनिअरची चूक. महिनाअखेरीला पर्मनंट राहिलं बाजूला, कॉन्ट्रॅक्टच संपलं.

शेवटच्या दिवशी मी तिला माझ्या मोटरसायकलवर घरी सोडणार होतो. ती हेल्मेटचा पट्टा लावत होती, तेवढ्यात सर पार्किंगमध्ये आले.

"तुझं बरोबर होतं," ते अगदी मायेने म्हणाले. "तू दाखवलंस तेव्हाच कळलं मला."

"मग वर चला ना, सर. सांगा सगळ्यांना. माझं कार्ड अजून चालू आहे."

"आता रिपोर्ट गेलाय गं. पण कुठेही इंटरव्ह्यूला गेलीस की माझं नाव सांग. मी चांगलंच बोलेन." त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला.

आळंदी रोड लागला. ती मागून म्हणाली, "त्यांना कळलंच नसतं, तर एवढं वाटलं नसतं."

पुढे सरांनी स्वतःची ओळ काढली, तिची पुन्हा घातली आणि खाली आपलं नाव टाकलं. ग्राहकांनी कौतुक केलं. वर्षाच्या आत त्यांना परदेशातल्या मुख्य ऑफिसात बढती मिळाली.

निरोपाला केक कापला. भाषणात त्यांना हुंदका आला, आणि तो खरा होता. मग त्यांनी सगळ्यांकडे बघत विचारलं, "वनिता नाही आली?" त्यांनी एक मोठा तुकडा कागदी प्लेटमध्ये ठेवला, वरून रुमाल घातला आणि माझ्या हातात दिला. "तिला द्या. हुशार पोरगी." मी नाही म्हणणार, तोवर ते दुसऱ्याच्या गळ्यात पडले होते. त्याच रात्री त्यांचं विमान गेलं.

प्लेट घेऊन मी तिच्या घरी गेलो. तिला अजून नोकरी लागली नव्हती. जिथे जाईल तिथले लोक चाकणच्या प्लांटला फोन करून विचारत, रिपोर्टमधली तिची चूक ऐकत, आणि पुढे काही कळवत नसत. दार आईने उघडलं. सरांनी पाठवलंय म्हटल्यावर त्यांनी ओल्या हातांनीच प्लेट घेतली आणि कपाळाला लावली.

"एवढ्या मोठ्या सायबानं आठवण ठिवली बघा," त्या म्हणाल्या. "चूक आमच्या पोरीचीच असंल. न्हाईतर असला माणूस उगं कुणाला काढंल व्हय?"

मी बोलायला तोंड उघडलं. वनिताने मान हलवून मला थांबवलं. मग केकचे दोन भाग केले आणि मोठा आईला दिला.